मार्कोनी आणि जमिनीखालचा अर्धा अँटेना

रेडिओचा शोध कोणी लावला, असा प्रश्न सामान्यज्ञानाच्या पेपरात आला की आपण सगळे क्षणाचाही विचार न करता मार्कोनीचे नाव लिहितो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. त्या उत्तराला गुण मिळतात, पण ते पुरेसे नाही. मार्कोनीच्या आधी जर्मनीत हाइनरिक हर्ट्झ यांनी विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगशाळेत निर्माण करून दाखवल्या होत्या. फ्रान्समध्ये एडुआर्ड ब्रॅन्ली यांनी धातूचा चुरा भरलेल्या काचेच्या नळीचा गुण शोधला होता. विद्युत लहर आली की त्या चुऱ्यातून प्रवाह सहज वाहू लागे. इंग्लंडमध्ये ऑलिव्हर लॉज यांनी १८९४ मध्ये अशा नळीच्या साहाय्याने लहरी पकडून दाखवल्या. आपल्या कलकत्त्यात आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास भिंतींपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली. मग मार्कोनीने नेमके काय केले?

माझ्या समजुतीप्रमाणे उत्तर असे आहे: त्याने यंत्राचे एक टोक आकाशाकडे नेले आणि दुसरे टोक जमिनीत पुरले. आकाशाकडे गेलेली तार सगळ्या जगाने पाहिली. जमिनीत गेलेल्या टोकाकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. या लेखात मी मार्कोनीचे चरित्र थोडक्यात सांगणार आहे, पण त्या दुसऱ्या टोकावर नजर ठेवून.

गुग्लिएल्मो मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या शहरात झाला. वडील ज्युसेप्पे जमीनदार होते. आई अ‍ॅनी जेमसन आयर्लंडची, तिथल्या प्रसिद्ध मद्य व्यावसायिक घराण्यातली. त्यामुळे मुलाला लहानपणापासून इटालियन आणि इंग्रजी या दोन्ही भाषा येत होत्या. बोलोन्याजवळ पोंतेक्किओ गावात या कुटुंबाचा मोठा वाडा होता. त्याचे नाव व्हिला ग्रिफोने. मार्कोनीचे बरेचसे शिक्षण घरी आणि खासगी शिक्षकांकडे झाले. लिव्होर्नो शहरात व्हिन्चेंझो रोझा या शिक्षकांनी त्याला विजेचे शास्त्र शिकवले. विद्यापीठाची पदवी त्याला कधीच मिळाली नाही. मात्र बोलोन्या विद्यापीठातले प्राध्यापक ऑगुस्तो रिगी शेजारी राहत, आणि त्यांच्याकडे जाऊन प्रश्न विचारण्याची त्याला मुभा होती.

१८९४ च्या जानेवारीत हर्ट्झ यांचे अवघ्या छत्तिसाव्या वर्षी निधन झाले. त्याच उन्हाळ्यात आल्प्सच्या डोंगरात सुट्टीवर असताना वीस वर्षांच्या मार्कोनीने त्यांच्या कामाविषयी वाचले. या लहरींवरून तारेशिवाय संदेश पाठवता येईल, हा विचार तेव्हापासून त्याच्या डोक्यातून गेला नाही. घरी परतल्यावर त्याने वाड्याच्या वरच्या मजल्यावरची, पूर्वी रेशमाचे किडे पाळण्यासाठी वापरलेली खोली ताब्यात घेतली. वडिलांना हा सगळा वेळेचा अपव्यय वाटत होता. आई मात्र पाठीशी उभी राहिली. त्या हिवाळ्यात एका रात्री त्याने आईला उठवून वर नेले आणि खोलीच्या एका टोकाला बटण दाबून दुसऱ्या टोकाची घंटा वाजवून दाखवली. मध्ये तार नव्हती.

इथपर्यंत त्याने जे केले ते इतरांनीही केले होते. खरी गोष्ट १८९५ च्या उन्हाळ्यात घडली, जेव्हा तो यंत्र घेऊन खोलीतून बाहेर बागेत आला.

हर्ट्झ यांच्या पद्धतीत ठिणगीच्या दोन्ही बाजूंना धातूचे दोन सारखे दांडे किंवा पत्रे असत. मार्कोनीने त्यातला एक पत्रा खांबावर उंच टांगला आणि दुसरा जमिनीत पुरला. पकडणाऱ्या यंत्रालाही त्याने तशीच एक जोडणी वर आणि एक जमिनीत दिली. रशियात पोपोव्ह यांनीही त्याच वर्षी आकाशातल्या विजेची चाहूल घेणाऱ्या यंत्राला उंच तार आणि जमीन जोडली होती. पण पाठवणारा आणि घेणारा अशा दोन्ही बाजूंना ही जोडणी देऊन अंतर पद्धतशीर वाढवत नेण्याचे काम मार्कोनीचे. पुढे त्याने स्वतःच जे आकडे जाहीर केले ते आपल्या भौतिकशास्त्राच्या वहीत लिहून ठेवावेत असे आहेत. दोन मीटर उंच खांबावर ३० सेंटिमीटर बाजूचा पत्र्याचा डबा बसवला तेव्हा संदेश ३० मीटरपर्यंत पोहोचला. खांब चार मीटरचा केला तेव्हा १०० मीटर, आणि आठ मीटरचा केला तेव्हा ४०० मीटर. म्हणजे उंची दुप्पट केली की अंतर चौपटीच्या आसपास जाते. मोठा, एक मीटर बाजूचा डबा आठ मीटर उंचीवर लावला तेव्हा अंतर २,४०० मीटर झाले.

एवढ्या लांबून घंटा ऐकू येणार नाही, म्हणून मोठा भाऊ अल्फोन्सो बंदूक घेऊन टेकडीच्या पलीकडे गेला. संदेश मिळाला की त्याने हवेत बार काढायचा, असे ठरले होते. मार्कोनीने की दाबली आणि टेकडीमागून बार ऐकू आला. मला या प्रसंगात सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही वाटते की मध्ये टेकडी होती. लहर डोळ्यांना दिसणाऱ्या सरळ रेषेतच जाते, असा तेव्हाचा समज होता. जमिनीला जोडलेल्या उभ्या तारेतून निघालेली लांब लहर जमिनीच्या पृष्ठभागाला धरून जाते आणि अडथळा ओलांडते, हे त्या बाराने सिद्ध झाले.

आता थोडे शास्त्र. मी आमच्या शाळेच्या रेडिओ क्लबमध्ये आहे आणि हौशी रेडिओच्या परवान्याच्या परीक्षेचा अभ्यास करतो आहे, म्हणून हा भाग मला जवळचा आहे. साधा अँटेना दोन हातांचा असतो आणि दोन्ही हात मिळून लहरीच्या अर्ध्या लांबीइतके होतात. त्याला डायपोल म्हणतात. आता त्यातला एकच हात उभा ठेवला आणि दुसऱ्याच्या जागी जमीन वापरली, तर जमीन आरशासारखे काम करते. आरशासमोर उभे राहिलो की आपली प्रतिमा दिसते, तसा अँटेनाचा हरवलेला अर्धा भाग जमिनीत उभा राहतो. त्यामुळे उंची लहरीच्या एक चतुर्थांश एवढी पुरते. आमच्या क्लबचा अँटेना ४० मीटर बँडचा आहे. म्हणजे खांब साधारण दहा मीटरचा. हीच मार्कोनीच्या बागेतली युक्ती. पण एक अट आहे. आरसा स्वच्छ हवा. जमीन विजेची चांगली वाहक नसेल तर प्रतिमा धूसर होते, आणि आपण पाठवलेली शक्ती माती गरम करण्यात खर्च होते.

ही अट मार्कोनीच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा आडवी आली.

१८९६ च्या फेब्रुवारीत तो आईबरोबर लंडनला गेला. जूनमध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. ब्रिटिश टपाल खात्याचे मुख्य अभियंता विल्यम प्रीस यांनी त्याला मदत केली. सॅलिसबरीच्या मैदानावर भूदल आणि नौदलाच्या अधिकाऱ्यांसमोर त्याच्या यंत्राची चाचणी झाली. मे १८९७ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावरील लॅव्हरनॉक पॉइंट आणि समुद्रातले फ्लॅट होम बेट यांच्यामध्ये संदेश पाठवण्याचे ठरले. अंतर जेमतेम पाच-सहा किलोमीटर. कड्यावर सुमारे २७ मीटरचा खांब उभारला होता, पण पहिल्या दिवसांत समाधानकारक काहीच मिळेना. मग १३ मे रोजी पकडणारे यंत्र कड्यावरून खाली किनाऱ्यावर आणले आणि वरची तार तिथपर्यंत लांबवली. तार सुमारे ४५ मीटरची झाली आणि यंत्र थेट समुद्राच्या काठाशी आले. संदेश स्पष्ट उमटले. समुद्र ओलांडून गेलेला तो पहिला बिनतारी संदेश.

त्याच वर्षी त्याची कंपनी स्थापन झाली आणि १८९९ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सपर्यंत संदेश गेले. तेव्हा मार्कोनी पंचवीस वर्षांचाही नव्हता.

यानंतरचा प्रसंग आपल्यासारख्या कॅडेट्सनी विशेष लक्षात ठेवावा. १८९९ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध सुरू झाले आणि मार्कोनी कंपनीचे संच व अभियंते ब्रिटिश सैन्याबरोबर तिथे गेले. युद्धभूमीवर बिनतारी यंत्र वापरण्याचा हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न. तो फसला. योग्य खांब सोबत नव्हते. तिथे मिळालेले बांबू कोरड्या हवेत उभे चिरले. पतंगाने तार वर नेली तर वारा पडला की तार खाली. वीज चमकली की यंत्रे चुकीचे ठिपके छापत. आणि पायाखालची जमीन कोरडी, विजेला दाद न देणारी. काही आठवड्यांत सैन्याने हा नाद सोडला. तेच संच नंतर नौदलाच्या जहाजांवर बसवले, आणि ते चालले! यंत्र तेच होते, तंत्र तेच होते. फरक दोनच. जहाजावर उंच डोलकाठी आयती होती, आणि जहाजाखाली खारे पाणी होते. समुद्राचे पाणी कोरड्या मातीपेक्षा हजार पटींहून अधिक चांगले वाहक असते. मार्कोनीचा आरसा वाळवंटात मळलेला होता आणि समुद्रावर लख्ख.

सिग्नल्सच्या गाडीवरचा लवचिक दांड्याचा अँटेना आपण पाहतो. तिथे जमिनीचे काम गाडीची लोखंडी काया करते. म्हणून तो दांडा गाडीवरून काढून नुसता हातात धरला तर तितके चांगले काम करत नाही. दक्षिण आफ्रिकेतला धडा आजही तोच आहे.

आता मार्कोनीने अटलांटिक महासागराकडे पाहिले. पृथ्वी गोल असल्यामुळे लहरी सरळ अवकाशात निघून जातील, असे अनेक जाणकारांचे मत होते. मार्कोनीने इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात पोल्ढू येथे प्रचंड केंद्र उभारायला घेतले. वर्तुळात उभे केलेले वीस खांब, प्रत्येक सुमारे ६१ मीटर उंच. १७ सप्टेंबर १९०१ रोजी वादळ आले आणि सगळे खांब कोसळले. काही आठवड्यांनी अमेरिकेतील केप कॉड येथील तसलेच केंद्रही पडले. एवढे नुकसान झाल्यावर एखाद्याने पुढच्या वर्षापर्यंत थांबायचे ठरवले असते. मार्कोनीने पोल्ढूला दोन खांब उभे केले, त्यांच्यामध्ये सुमारे पन्नास तारांचा पंखा टांगला आणि स्वतः दोन सहायकांना घेऊन कॅनडाच्या बाजूला न्यूफाउंडलंडला निघून गेला.

सेंट जॉन्स बंदरावरच्या सिग्नल हिलवर डिसेंबरचा वारा इतका होता की फुगा तुटून गेला, पहिला पतंगही गेला. जमिनीत धातूचे पत्रे पुरून जोडणी केली होती. १२ डिसेंबर १९०१ रोजी दुपारी साडेबाराच्या सुमारास, दुसऱ्या पतंगाने वर नेलेल्या सुमारे दीडशे मीटर तारेतून, कानाला लावलेल्या टेलिफोनमध्ये तीन ठिपके ऐकू आले. मोर्समधले एस हे अक्षर. पोल्ढू तिथून सुमारे साडेतीन हजार किलोमीटरवर होते.

या प्रसंगात आपल्या देशाचाही धागा आहे. कानाने ऐकण्यासाठी मार्कोनीने जे साधन वापरले ते पाऱ्याचे होते आणि इटालियन नौदलाकडून त्याच्याकडे आले होते. लोखंड, पारा आणि लोखंड अशा रचनेचे व टेलिफोनला जोडलेले साधन जगदीशचंद्र बोस यांनी १८९९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर मांडलेल्या निबंधात वर्णन केले होते. त्याचे श्रेय त्यांना तेव्हा मिळाले नाही. बोस यांनी आपले ज्ञान जगासाठी खुले ठेवले होते. मार्कोनीने प्रत्येक पावलाला पेटंट घेतले. दोघांचे स्वभाव वेगळे होते, पण सामान्यज्ञानाच्या पेपरात एकाच नावाला जागा असते, हे मला पटत नाही.

त्या तीन ठिपक्यांवर लोकांनी शंकाही घेतली. ते फक्त मार्कोनीने आणि त्याच्या सहायकाने ऐकले होते, कागदावर काही उमटले नव्हते. आजही अनेक अभियंते त्यावर वाद घालतात. मार्कोनीने वादाला कागदानेच उत्तर दिले. फेब्रुवारी १९०२ मध्ये तो फिलाडेल्फिया जहाजावरून अमेरिकेला निघाला आणि वाटेत पोल्ढूचे संदेश कागदाच्या पट्टीवर छापून घेतले, जहाजाच्या कप्तानासमोर. रात्री ठिपके तीन हजार किलोमीटरच्या पुढे पोहोचत होते, दिवसा मात्र हजार-अकराशे किलोमीटरवर संपत होते. त्या काळी कारण कोणालाच माहीत नव्हते. पुढे कळले की वातावरणाच्या वरच्या थरांत विद्युतभारित भाग असतो. रात्री तो लहरींना पुन्हा पृथ्वीकडे वळवतो. दिवसा त्याचा खालचा थर लांब लहरी शोषून घेतो.

१९०७ मध्ये आयर्लंड आणि कॅनडा यांच्यात नियमित बिनतारी सेवा सुरू झाली. १९०९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मार्कोनी आणि कार्ल फर्डिनांड ब्राउन यांना विभागून मिळाले. १९१२ च्या एप्रिलमध्ये टायटॅनिक बुडाले तेव्हा त्यावरचे दोन्ही बिनतारी चालक मार्कोनी कंपनीचे होते. त्यांच्या हाकेवर कार्पेथिया जहाज आले आणि सातशेहून अधिक माणसे वाचली. शेवटपर्यंत की दाबत राहिलेला जॅक फिलिप्स बुडाला. त्याचा पंचविसावा वाढदिवस चारच दिवसांपूर्वी झाला होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मोटार अपघातात मार्कोनीचा उजवा डोळा गेला. तरी काम थांबले नाही. पहिल्या महायुद्धात तो इटलीच्या सैन्यात होता आणि त्या काळात त्याने आखूड लहरींवर प्रयोग सुरू केले.

आखूड लहरींची गोष्ट हौशी लोकांशिवाय पुरी होत नाही. अमेरिकेच्या १९१२ च्या कायद्याने हौशी रेडिओवाल्यांना २०० मीटर आणि त्याहून आखूड लहरी दिल्या होत्या, कारण त्या लांब जाणार नाहीत अशीच समजूत होती. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली हा अमेरिकन हौशी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर तंबू ठोकून बसला आणि त्याने आपल्या देशातल्या हौशी केंद्रांचे संकेत ऐकले. त्यातल्या वन बीसीजी या प्रसिद्ध केंद्राच्या अँटेनाखाली चाकाच्या आऱ्यांसारख्या चहूबाजूंना ताणलेल्या तारा होत्या. जमीन चांगली नसेल तर ती तारांनी बनवता येते, हे त्या हौशी मंडळींना कळलेले होते.

मार्कोनीने एलेट्रा नावाची नौका घेऊन तीच प्रयोगशाळा केली. १९२३ मध्ये त्याने पोल्ढूच्या आखूड लहरी केप व्हर्डे बेटांपर्यंत ऐकल्या. त्यातून एका दिशेला झोत टाकणारी बीम पद्धत निघाली. १९२७ मध्ये ही सेवा इंग्लंड आणि भारत यांच्यात सुरू झाली. भारताचे पाठवणारे केंद्र पुण्याजवळ खडकीला होते आणि घेणारे केंद्र दौंडला. माझे आजोळ दौंडच्या बाजूला आहे. लहानपणापासून मी दौंड हे फक्त रेल्वेचे जंक्शन समजत होतो. मार्कोनीच्या लहरी तिथे उतरत होत्या, हे मला या लेखाच्या निमित्ताने वाचताना समजले.

चरित्र लिहिताना न आवडणारा भाग वगळू नये, असे आमचे इतिहासाचे सर सांगतात. मार्कोनी १९२३ मध्ये मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात गेला. १९३० मध्ये मुसोलिनीने त्याला इटलीच्या रॉयल अकादमीचा अध्यक्ष केले. १९३५ मध्ये इटलीने इथिओपियावर हल्ला केला, तेव्हा त्याने त्या हल्ल्याचे जाहीर समर्थन केले. देश आणि सत्ताधारी यांत फरक असतो, आणि गणवेश घालणाऱ्याने तो विसरू नये. एवढ्या मोठ्या माणसाने तो विसरावा, याचे मला वाईट वाटते. त्याच्या यंत्रामुळे माणसे वाचली, ही गोष्ट त्याने खोटी होत नाही. पण तो मोठा होता म्हणून ही गोष्ट झाकताही येत नाही.

२० जुलै १९३७ रोजी रोममध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी, हृदयविकाराने मार्कोनीचे निधन झाले. त्याच्या सन्मानार्थ ब्रिटनमधली आणि इतरत्रची अनेक प्रक्षेपण केंद्रे दोन मिनिटे शांत राहिली. ज्या आकाशात त्याने पहिला आवाज भरला, ते दोन मिनिटांसाठी पुन्हा रिकामे झाले. त्याची समाधी व्हिला ग्रिफोनेच्या आवारात आहे. त्या गावाचे आजचे नाव पोंतेक्किओ मार्कोनी.

त्याच्या निधनाच्या एकच महिना आधी, जून १९३७ मध्ये, अमेरिकेतल्या रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात ब्राउन, लुईस आणि एपस्टाइन या तिघांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी उभ्या अँटेनाच्या पायथ्यापासून चहूबाजूंना जमिनीत तारा पुरून मोजमाप केले होते. आधी २ तारा, मग १५, ३०, ६० आणि शेवटी ११३. तारा वाढतील तसा संकेत वाढला, आणि सर्वाधिक तारांच्या वेळी तो पुस्तकी हिशेबाच्या अगदी जवळ पोहोचला. या तारांना रेडियल म्हणतात. मध्यम लहरींच्या प्रसारण केंद्रांखाली १२० रेडियल घालण्याचा अमेरिकेतला रिवाज त्याच सुमारास रुजला. मार्कोनीने १८९५ मध्ये एक पत्रा पुरून जे सुरू केले, त्याचा पक्का हिशेब बेचाळीस वर्षांनी झाला.

त्या हिशेबातली एक गंमत आम्हाला क्लबमध्ये स्वतः पाहायला मिळाली. पाव लहर उंचीच्या आदर्श अँटेनाचा रोध सुमारे ३६ ओहम असतो. आपली केबल ५० ओहमची. पायथ्याशी थोड्याच तारा असतील आणि मातीचा रोध समजा १५ ओहम असेल, तर बेरीज ५१ होते. मीटर अगदी उत्तम जुळणी दाखवतो. सगळे खूश होतात. पण ५१ पैकी १५, म्हणजे जवळजवळ तीस टक्के शक्ती मातीत जिरलेली असते. मग रेडियल वाढवले की मातीचा वाटा कमी होतो, बेरीज ५० च्या खाली जाते आणि मीटर थोडा बिघडलेला दिसतो. म्हणजे अँटेना सुधारला की मीटर नाराज! आम्ही ८ तारांवरून ३२ तारांवर गेलो तेव्हा नेमके हेच झाले. क्लबमधल्या काही जणांचे म्हणणे होते की आठच बरे होते, मीटर तसे सांगतो. आमच्या उस्तादांनी मीटर बाजूला ठेवायला लावला आणि लांबच्या केंद्रांकडून आठवडाभर संकेताचा अहवाल घ्यायला सांगितले. अहवाल ३२ च्या बाजूने आले. वही अजून क्लबमध्ये आहे, कोणीही पाहावी.

तारा खोल पुरायच्या नसतात. गवताच्या मुळाशी, आकड्यांनी दाबून ठेवल्या की पुरते. दोन महिन्यांत गवत त्यांना झाकून टाकते. दहा मीटरच्या ३२ तारा म्हणजे ३२० मीटर तार झाली. ती गुडघ्यावर बसून दाबायला आम्हाला तीन रविवार लागले. खांब मात्र एका दुपारी उभा राहिला. आणखी एक सांगतो. विजेपासून बचावासाठी ठोकलेला अर्थिंगचा दांडा ही वेगळी गोष्ट आहे. तो सुरक्षेसाठी हवाच, पण तो रेडियलचे काम करत नाही, आणि रेडियल त्याचे काम करत नाहीत.

पालक दिनाला पाहुणे आमच्या क्लबकडे येतात तेव्हा मान वर करून खांब किती उंच आहे ते विचारतात. पुढच्या वेळी जमिनीखाली किती तारा आहेत, तेही विचारावे, अशी माझी विनंती आहे. आणि कॅडेट मित्रांनो, खेळाच्या मैदानामागच्या त्या गवतात लाल झेंड्या लावलेल्या दिसतील. तिथे फावडे किंवा गवत कापायचे यंत्र चालवू नका. तिथे अँटेनाचा दुसरा अर्धा भाग आहे.